औषध शून्य

यवतमाळला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं एकदम आवाज खाली आणतात. चेहऱ्यावर सुतकी कळा येते आणि मग हळूच, "कसं काय आहे हो तिकडे?" असा प्रश्न येतो. यवतमाळ माझं माहेर. पन्नाशी उलटून गेली तरी हा सूर ऐकला की माझं डोकं फिरतं. या खेपेला परत आल्यावर मी नवीनच उद्योग केला. असा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातावर दोन वाळकी पानं ठेवायची आणि म्हणायचं, चावा. ज्यांनी चावली त्यांनी आधी पाणी मागितलं.

पानं काळमेघाची. याला कुणी भुईनिंब म्हणतात, आणि भुईवर वाढणारा कडुनिंब हे नाव त्याला शोभतंही. गुडघ्या-कमरेएवढं झुडूप, मिरचीसारखी निमुळती पानं, पांढरं इवलंसं फूल आणि त्यावर जांभळे ठिपके. तापावर, यकृताच्या दुखण्यावर हे पूर्वापार देतात. त्याचा सगळा गुण त्याच्या कडूपणात. कडूपणा जितका जास्त, तितका माल चांगला.

हे मला ठाऊक असायलाच हवं, कारण पुण्यातल्या एका औषधं बनवणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता विभाग सांभाळते. कच्चा माल तपासायचा आणि पास की नापास ते ठरवायचं. पास करण्यापेक्षा नापास करण्यात बाईंचा हात बसलाय, असं माझ्या हाताखालची मुलं मागून बोलतात. बोलेनात का.

तर दसरा झाल्यावर पोस्टानं एक पुडकं आलं. जुन्या साडीच्या धडप्यात बांधलेली काळमेघाची जुडी, आणि वहीच्या कागदावर एकच ओळ: "आधी खाऊन पाहा, मंग लिहा. जमनाबाई आडे, आंबेनाला तांडा, तालुका उमरखेड." मी कपाटातली फाइल काढली. महिन्यापूर्वी याच तांड्याला माझ्या सहीचं पत्र गेलं होतं. त्यांनी भरून पाठवलेल्या फॉर्मवर 'औषधाचे प्रमाण' या रकान्यात ठसठशीत अक्षरात 'शून्य' लिहिलेलं होतं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. तिकडेच कुणीतरी तपासणी करून दिली असणार आणि त्यात काही निघालं नसणार, असं आम्ही धरून चाललो. नमुन्याची पिशवी न उघडताच आम्ही कळवून टाकलं, की औषधाचे प्रमाण शून्य असल्याने माल घेता येणार नाही.

मी पुडक्यातलं एक पान चावलं. डोळ्यांत पाणी आलं. शून्य? या पानात?

तपासायला नोंद असलेला, नीट गोळा केलेला नमुना लागतो. पोस्टानं आलेल्या जुडीवर मी काही लिहून देऊ शकत नव्हते, आणि नापास ठरवलेली ती पिशवी केव्हाच टाकून दिली होती. दादाकडे जायचं दोन वर्षं राहिलंच होतं. रजा टाकली, येत असल्याचं तांड्याला कळवलं आणि निघाले.

यवतमाळ

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेला. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीतच गेल्या. शेती पाहिली ती मामाकडे, उन्हाळ्यात आणि दिवाळीत. सकाळी दादानं पोहे-तर्री आणून पुढ्यात ठेवली. पहिल्याच घासाला मला ठसका लागला. तो मजेत पाहत राहिला.

"पुण्याचं पाणी लागलं व तुले," तो म्हणाला.

संध्याकाळी आम्ही भाजी आणायला गेलो. मी भाजीवालीकडे कोथिंबीर मागितली. ती नुसतीच माझ्याकडे बघत बसली. दादानं कपाळावर हात मारला. "सांबार म्हन, सांबार! तीस सालात आपली भाजी बी इसरली काय?" भाजीवाली पदराआड हसली आणि तिनं एक जुडी वरून फुकट टाकली. बहुतेक कीव म्हणून.

जेवताना मी त्याला पुडक्याची हकिकत सांगितली.

"मंग तू सोता कायले जाऊन राह्यली तथी?" दादा म्हणाला. "पत्र पाठवून दे ना."

"पत्रच तर पाठवलं होतं," मी म्हटलं.

ढाणकीपर्यंत

यवतमाळ ते उमरखेड एसटीचा प्रवास मी वाचकांच्या माथी मारत नाही. एवढंच सांगते की आर्णी सोडल्यावर खिडकीबाहेर जे दिसत होतं ते चांगलं नव्हतं. सोयाबीन काढून झालं होतं आणि शेतातले ढीग इतके लहान होते की आधी मला ते कुटाराचे, म्हणजे भुशाचे, उरलेसुरले ढीग वाटले. ऑक्टोबर महिन्यात नाले कोरडे. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मात्र तग धरून होती. महागावच्या पुढे सागाची पानं वेळेआधीच पिवळी पडली होती. शेजारी बसलेल्या बाईनं मला न विचारताच सांगितलं, "यंदा पान्यानं लय तरसवलं व बाई." आणि मग डबा उघडून निम्मी भाकर माझ्या हातावर ठेवली. पुण्यात शेजारच्या सीटवरच्या बाईचं मला नावही कळत नाही.

उमरखेडला गाडी बदलली. इथून बोलण्याला मराठवाड्याचा वास लागायला लागतो. ढाणकीच्या स्टँडवर उतरले तर पंचेचाळिशीचा एक गडी मोटारसायकलला टेकून उभा होता. मिशा पिळदार, शर्टाला कडक इस्त्री.

"तुमीच त्या शून्यवाल्या मॅडम काय?" त्यानं विचारलं.

मला राग आला, पण प्रश्न तसा बरोबर होता.

"मी परसराम. जमनाबाईचा दीर. वहिनीनं धाडलं तुमाले घ्याले. म्हने, सांभाळून आन, वाटंत पाडू नको. आधी मले भांडू दे, मंग पाड." आणि स्वतःच खदखदून हसला.

गाडीवर तो सारखा बोलत होता आणि निम्मं वाऱ्यात उडून जात होतं. जे कळलं ते असं. तांड्यातल्या अकरा बायकांनी मिळून पहिल्यांदाच काळमेघ लावला. पुढारीण जमनाबाई. पेरणीनंतर पाऊस बरा झाला आणि मग राखीपासून पोळ्याच्याही पुढे थेंब नाही. झाडं खुरटली. परसराम म्हणाला युरिया द्या, विहिरीचं पाणी द्या. जमनाबाई म्हणाली, या झाडाला युरिया द्यायचा नाही, फवारायचं तर काहीच नाही. बायका तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. परसरामनं एकट्यानं आपल्या वावरात युरिया टाकला, पाणी दिलं.

"माहा काळमेघ कमरेएवढा हाय, मॅडम. वहिनीचा गुडघ्याएवढा. पाहून घ्या." मग त्यानं मान मागे वळवली. खरं तर वळवायला नको होती, कारण समोर खड्डा होता. "उद्या बैठक हाय तांड्यात. पुढच्या सालापासून काळमेघ कसा करायचा, वहिनीच्या पद्धतीनं का माह्या, थे उद्या ठरते. तुमच्या पत्रानं माह्यं काम सोपं केलं. कंपनीलेच औषध पाह्यजे तर मंग औषध देऊ ना! हाय का नाही?"

"औषध तर हवंच, परसरामभाऊ," मी ओरडून म्हटलं. "औषधाशिवाय माल कोण घेईल?"

त्यानं इतक्या आनंदानं गाडी पिळली की मी पाठीमागच्या लोखंडी कडीला घट्ट धरलं. आपण काय बोलून बसलो हे मला तेव्हा कळलं नाही.

तांडा

आंबेनाल्याचा तांडा म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी साठेक घरं. या बंजाऱ्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. आता सगळे शेतकरी. घरात गोरबोली, बाहेरच्याशी वऱ्हाडी, आणि दोन्ही सारख्याच वेगानं. जमनाबाईंचं घर सारवलेलं आणि स्वच्छ होतं. त्या माझ्याच वयाच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. त्यांनी पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बाटी खासान ना?"

बाटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तुपात बुडवलेले राजस्थानी गोळे आले. मी उत्साहानं हो म्हटलं. पुढ्यात आली ज्वारीची मोठी, पातळ, चुलीवर फुगलेली भाकर, अंबाडीची भाजी आणि लाल मिरचीचा ठेचा. गोरबोलीत भाकरीलाच बाटी म्हणतात. अशी भाकर मी बऱ्याच वर्षांत खाल्ली नव्हती. दोन खाल्ल्या. 

मी हात धुतल्यावर जमनाबाईंनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं पत्र काढलं. माझं.

"ही सही तुमची?"

"हो."

"आता परसराम साऱ्या तांड्यात सांगून राह्यला का तुमी गाडीवर सोता म्हनलं, औषधाशिवाय माल घेनार नाही. हे खरं?"

"खरं आहे. पण..."

"मंग मले एक सांगा." त्यांचा आवाज चढला नव्हता, तो उलट खाली गेला होता. "आमी अकरा जनी चार महिने रोज सकाळी वावरात जातो. अळी पडली तर हातानं येचली. पान्यावाचून झाड मान टाकून राह्यलं, तरी युरियाचं पोतं फोडलं नाही. फवारनीचा पंप घराच्या भाईर काढला नाही. कायले? का हे झाड मान्साच्या पोटात जाते. आजारी मान्साच्या. म्हून फारमात मी माह्या हातानं लिवलं, औषध शून्य. दोन रेघा मारल्या खाली. आन तुमी म्हनता, औषध शून्य हाय म्हून माल नाही घेत. तुमाले औषध मारलेला माल पाह्यजे काय? आजारी मान्साले तुमी इख खाऊ घालता?"



औषध! वऱ्हाडात शेतकऱ्याच्या तोंडी औषध म्हणजे फवारायचं औषध. दुसरं काही नाही. खत-औषध, औषध मारणं, औषधाचा पंप. माझा मामा शेतातून आला की मामी मला ओट्यावरून हाक मारायची, "मामा औषध मारून आला व, त्याच्या हातावर पानी टाक." आणि मी लोटीनं त्याच्या कोपरापासून पाणी सोडायची. किती वेळा सोडलं असेल! त्या बाईनं अभिमानानं, दोन रेघा मारून लिहिलं होतं की आमच्या पिकावर विषाचा थेंबही नाही. आणि मी, यवतमाळची लेक, ते वाचून तिचा माल नापास केला होता.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. तो फॉर्म मीच बनवला होता. आधी त्यात 'सक्रिय घटकाचे प्रमाण' असं होतं. शेतकऱ्यांना कळेल असं लिहा, म्हणून मी ऑफिसात भांडून ते 'औषधाचे प्रमाण' असं करून घेतलं होतं. सोप्या मराठीचा केवढा तोरा होता मला.

"बाई," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य कसं कोण जाणे, तीस वर्षांपूर्वीच्या जिभेनं आलं. "माह्यी चूक झाली. मले झाडातलं औषध म्हनाचं होतं. झाडाचा गुन. कडूपना. तुमी फवारनीचं समजल्या. तुमचं काहीच चुकलं नाही, चुकलं माह्यं."

जमनाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुमी इकडल्याच हा काय?"

"यवतमाळची."

"मंग एवढ्या कशा भुलल्या व माय?" आणि त्या हसायला लागल्या. असं हसल्या की शेजारच्या दोघी दारात आल्या. त्यांना गोरबोलीत सगळं सांगितलं गेलं, मग त्याही हसल्या. मीही हसले, पण मला लाज वाटत होती, ती काही हसून जाईना.

हसणं थांबल्यावर जमनाबाईंनी डोळे पुसले. "थे झालं. पन हे मले घरात सांगून काय उपेग? उद्या बैठकीत सांगा. तथी माह्यी जबान खोटी पडली हाय."

तीन वावरं

बैठक दुपारी होती. सकाळी आम्ही शेतात गेलो: जमनाबाई, मी, आणि मागून परसराम. त्याच्या मालातली मरतुकडी झाडं मी मुद्दाम उचलू नयेत म्हणून तो आला होता.

आधी त्याचं वावर. माणूस खोटं बोलला नव्हता. झाडं खरंच कमरेएवढी, पानं रुंद, हिरवीगार, बघून डोळे निवावेत अशी. काठावर उभा राहून तो मिशीवरून हात फिरवत होता.

मग जमनाबाईंचं, टेकडीच्या उतारावरचं बरड; अकराही जणींनी मिळून काळमेघ लावला तो इथंच. झाडं बुटकी, पानं बारीक, कडा तांबूस. पण मी वाकून पाहिलं तेव्हा उठवेना. ओळी उताराला आडव्या काढलेल्या, म्हणजे आलेलं पाणी पळून जाणार नाही. झाडाच्या बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरलेलं. ते हातानं बाजूला केलं तर खाली ऑक्टोबरच्या उन्हातही माती गार. शेणखत पेरणीआधीच मातीत मिसळलेलं, वरून काही नाही. कळ्या नुकत्याच फुटत होत्या.

"कापायचं कधी, हे कसं ठरवता?" मी विचारलं.

"पह्यलं फूल दिसलं का मंग दर तिसऱ्या झाडाचं पान चावून पाह्यतो. कडू गळ्यात उतरला का कापतो. जिभीवरच राह्यला तर थांबतो."

हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्याकडे कापणी कधी करावी यावर लांबलचक सूचनापत्रक आहे. फूल येताना पानांत कडूपणा सर्वांत जास्त असतो, हे त्यात चार परिच्छेद घालून सांगितलंय.

मग माझी परीक्षा झाली. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि दोन वावरांतली दोन पानं एकामागून एक जिभेवर ठेवली. पहिलं चावलं. कडू होतं, चांगलंच होतं, पण पाणी प्यायल्यावर निघून गेलं. दुसरं आधी काहीच बोललं नाही. मग जिभेच्या मागून उठलं आणि घशातून खाली उतरलं, वर थेट कानापर्यंत गेलं. मी डोळे उघडले तर दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. माझं तोंड वाकडं झालं होतं, त्यामुळे उत्तर त्यांना मिळालंच. त्यानंतर दोन तास मला कशाची चव लागली नाही. चहात साखर घालायला विसरलात वाटतं, असं मी म्हटलं तेव्हा जमनाबाईंनी साखरेचा डबाच पुढे सरकवला.

याचं कारण मला ठाऊक होतं आणि ते मी तिथं बांधावर बसून सांगितलं. झाड कडूपणा तयार करतं तो आपल्यासाठी नाही, स्वतःला वाचवायला. युरिया आणि पाणी मुबलक मिळालं की ते अंग वाढवतं. पाण्याची ओढ बसली की अंग आवरतं आणि राखणीवर जोर देतं. सगळ्या वनस्पतींना हे लागू नाही, पण कित्येक औषधी झाडांत असंच दिसतं. "म्हणजे दुष्काळानं तुमच्या काळमेघाचं एका परीनं भलंच केलं," मी म्हणून गेले.

जमनाबाई उठल्या. "चला," एवढंच म्हणाल्या.

उताराच्या टोकाला, खडकाळ भागात, तिसरा तुकडा होता. तिथं काहीच नव्हतं. म्हणजे ओळी होत्या, कुटार होतं, आणि प्रत्येक जागी एकेक काळी, वाळून गेलेली काडी. मी एक उचलली तर हातात मोडली.

"इथं बी मीच पेरलं," जमनाबाई म्हणाल्या. "तसंच पेरलं, तसंच राखलं. शेवटी डोक्यावर घागरी आनून पानी घातलं. नाही वाचलं. दुष्काळाचे गोडवे गाऊ नोका, मॅडम. थो कोनाचं भलं कराले येत नाही."

मी मान खाली घातली. इतकी वर्षं मी कागदावर 'पाण्याचा ताण' असे शब्द लिहीत आले, पण तो ताण कुठे संपतो आणि मरण कुठे सुरू होतं, ती जागा मी पहिल्यांदा पाहिली. दोन्हींत जेमतेम पन्नास पावलांचं अंतर होतं. तेवढ्या पन्नास पावलांत त्या बाईनं कुटार पसरून आणि आडव्या ओळी काढून पीक उभं ठेवलं होतं. मला तिचा अभिमान वाटला. आपल्या मातीतली बाई म्हणून वाटला आणि माझ्या धंद्यातली बाई म्हणून त्याहून जास्त वाटला.

मग रीतसर नमुने घेतले. दोन्ही वावरांत ठरावीक अंतरावरून, चांगली-वाईट न निवडता. पिशव्यांवर नावं नाही, फक्त खुणा. परसराम प्रत्येक झाडाला "हे घ्या ना, हे झकास हाय" म्हणत होता. मी त्याचं एकही ऐकलं नाही. जमनाबाई नुसत्या पिशव्या धरून चालत होत्या.

बैठक

मंदिरासमोरच्या ओट्यावर सगळे जमले. पुरुष ओट्यावर, बायका खाली चटईवर, पण बोलताना कुणी मागे राहत नव्हतं. नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, पांढरा फेटा बांधलेला शांत म्हातारा. मी उभी राहिले. 

सगळं सांगितलं. फॉर्म मी बनवला, शब्द चुकीचा मी वापरला, पिशवी न उघडता पत्र मी पाठवलं. जमनाबाईंनी लिहिलं होतं ते खरं होतं. आणि काल गाडीवर मी परसरामभाऊंना जे म्हटलं, त्यातलं औषध वेगळं होतं. परसराम खाली बघत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"बरं," नायक म्हणाले. "शब्दाचा घोळ समजला. आता युरियाचं काय? परसरामचं झाड मोठं हाय, हे तर खरं हाय."

"खरं आहे," मी म्हटलं. "आणि माझी जीभ काय म्हणते ते मी आज सांगणार नाही. जीभ म्हणजे पुरावा नाही. तपासणी होऊ द्या. तोवर काही ठरवू नका. निकाल मी स्वतः फोन करून साऱ्यांसमोर सांगेन. परसरामभाऊंच्या बाजूनं लागला तरी सांगेन."

सगळे जमनाबाईंकडे पाहायला लागले. त्यांच्या मागे दहा बायका बसल्या होत्या.

"लागू द्या," त्या म्हणाल्या. "परसरामचं खरं निघालं तर मीच पोतं फोडीन."

पुन्हा ढाणकी

परतताना ढाणकीला बाजार भरला होता. गाडीला वेळ होता म्हणून मी पिशव्या बाकावर ठेवून भेदरं बघायला गेले. भेदरं म्हणजे टमाटे. हा शब्द मला आठवला, दादाला सांगायला हवं. वळून बघते तर एका शेळीनं पिशवीत तोंड खुपसलेलं. मी ओरडत धावले. परसरामच्या वावरातली दोन-तीन पानं तिनं चघळून गिळली होती. मग दुसऱ्या पिशवीतलं पान ओढलं, एकदा चावलं, मान जोरात झटकली, ते थुंकून टाकलं आणि निघून गेली. सुदैवानं प्रत्येक नमुन्याची जोड पिशवी माझ्या बॅगेत होती. शेळीची साक्ष मी अहवालात घेतली नाही, पण गाडीत बसल्यावर एकटीच हसत होते.

पुणे

परत आल्यावर मी पिशव्या दोघा मुलांच्या हाती दिल्या. कुठली कुणाची ते सांगितलं नाही. तीनदा तपासायला लावलं. पहिल्यांदा आकडा आला तेव्हा मी लॅबमधून बाहेर निघून गेले, कारण मला तो हवा तसा आला होता आणि माझा स्वतःवर भरवसा नव्हता. तिसऱ्यांदाही तोच आला.

जमनाबाईंच्या पानांतला कडूपणा चांगलाच जास्त होता. यंदा आलेल्या कुठल्याही मालाहून जास्त. परसरामचा माल नापास नव्हता, पण काठावर होता. झाड मोठं, पानं ढीगभर, पण पानागणिक गुण कमी.

ठरल्याप्रमाणे दुपारी फोन लावला. जमनाबाईंनी तो मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडे माणसांची कुजबुज, एक कुत्रं, भांड्यांचा आवाज. मी निकाल सांगितला. हेही सांगितलं की हे एका वर्षाचं आहे, पाऊसकाळ बरा झाला तर फरक पडू शकेल, आणि त्या तिसऱ्या तुकड्यासारखं झालं तर कडूपणा मोजायलाही झाड उरत नाही. पण अकराही जणींचा माल पास आहे आणि कंपनी तो घेते आहे. नापासाचं पत्र रद्द केल्याचं पत्र माझ्याच सहीनं निघालं आहे.

 मग बायकांचा असा गलका उठला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. नायकांचा आवाज आला, "ठरलं मंग. पुढच्या साली काळमेघ जमनाच्या पद्धतीनं."  यवतमाळ जिल्ह्यात, पाऊस नसताना, सातवी शिकलेल्या एका बाईनं माझ्या टेबलावर वर्षभरातला सर्वांत चांगला माल पाठवला होता. हे मी ऑफिसात त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं, अगदी लिफ्टमध्येसुद्धा.

गलका ओसरल्यावर फोनवर परसराम आला. आवाज अगदी बारीक.

"मॅडम, एक काम होतं. वहिनीले सांगा ना, माह्यासाठी थोडं बी ठेवजो म्हना."

"अहो, तुम्हीच सांगा की. त्या तिथेच असतील ना?"

"हाय ना, इथंच उभी हाय. पन माह्यानं नाही होत. तुमी सांगा."

मी म्हटलं, जमनाबाई, दीर बी मागतोय. फोन मोठ्या आवाजावरच होता, सगळ्यांनी ऐकलं. 

"त्याले सांगा, देतो," जमनाबाई म्हणाल्या. "आपल्या हातानं निवडलेलं देतो. पन घरातलं युरियाचं पोतं आधी दुकानात वापस करून ये म्हना."

दोन पावलांवर उभ्या असलेल्या दिराला तो निरोप मी पुण्याहून दिला.